स्कोअरबुकातील कोरी पाने

शाळेने तुम्हाला काय दिले, याविषयी लिहावे, असे शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवले आहे. शाळेने मला पुष्कळ दिले. चेंडू मात्र दिला नाही.

१९७८ च्या जानेवारीत मी आठवीत होते. शाळा सुटल्यावर पटांगण मुलांच्या क्रिकेटसाठी राखलेले असे आणि आम्हा मुलींच्या वाट्याला मधल्या सुट्टीतील लंगडी व खो-खो येई. मी डावखुरी. चाळीच्या गॅलरीत भावाला गोलंदाजी करून करून माझा चेंडू टप्पा पडल्यावर बऱ्यापैकी वळू लागला होता, म्हणून धीर करून मी सरांकडे नेटमध्ये चेंडू टाकण्याची परवानगी मागितली. सर भले गृहस्थ होते. माझे अक्षर चांगले असल्याचे कारण सांगून त्यांनी माझ्या हाती स्कोअरबुक आणि टोक काढलेली पेन्सिल दिली.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात डायना एडुलजी हे नाव मी प्रथम वाचले. १ जानेवारी १९७८ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर भारतीय महिला संघ आपला पहिलावहिला एकदिवसीय सामना, आणि तोही विश्वचषकातला, इंग्लंडविरुद्ध खेळला. कर्णधार एडुलजी मुंबईच्या होत्या, बाविशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि मुख्य म्हणजे डावखुरी फिरकी टाकत होत्या. त्या स्पर्धेतील तिन्ही सामने आपण हरलो. मला त्याचे काही वाटले नाही. डाव्या हाताने जेवते म्हणून आजीची बोलणी खाणाऱ्या मुलीला तेवढे कात्रण पुरेसे होते. ते मी स्कोअरबुकाच्या शेवटच्या पानात जपून ठेवले.

त्यांच्याविषयी पुढे जे जे छापून आले ते मी वाचत गेले. रेल्वे वसाहतीत टेनिसच्या चेंडूने खेळत वाढलेली ही मुलगी आधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस राष्ट्रीय कुमार पातळीवर खेळली, मग क्रिकेटकडे वळली आणि लाला अमरनाथ यांच्या मार्गदर्शनाखालील शिबिरात तिची गोलंदाजी घडली. खेळताना पुढचे चार दात गेल्याचे वाचले तेव्हा माझा हात नकळत तोंडाकडे गेला होता.

दोन वर्षे स्कोअर लिहिल्याने एक खोड मात्र लागली, ती अजून सुटलेली नाही: आकडा दिसला की त्याच्या आजूबाजूची रिकामी जागा मी आधी पाहते. एडुलजी यांच्या नावावर २० कसोटींत ६३ बळी आहेत आणि भारतीय महिलांत आजही तेवढे बळी दुसऱ्या कोणाचे नाहीत. पण १९७६ ते १९९१ या पंधरा वर्षांत भारतीय महिला संघाच्या वाट्याला कसोट्याच आल्या एकवीस. जानेवारी १९७७ मधील पर्थच्या कसोटीनंतर पुढची कसोटी थेट १९८४ साली. फिरकी गोलंदाजाची बोटे ज्या वयात पक्की होतात, ती एकविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची सारी वर्षे कसोटीच्या हिशेबात कोरी आहेत. १९८८ च्या विश्वचषकाला तर आपला संघच गेला नाही. १९७८ साली कर्णधार असलेली खेळाडू १९९३ च्या विश्वचषकातही कर्णधार होती, हे वाचून लोक कौतुक करतात. मला मात्र मधली पंधरा वर्षे दिसतात.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये एडुलजी यांना प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा मैदानाची मालक असलेल्या एमसीसीने, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबने, आपले नाव बदलून एमसीपी, म्हणजे 'मेल शोव्हिनिस्ट पिग्ज' (पुरुषी अहंकाराची डुकरे), असे ठेवावे, असा टोला त्यांनी लगावला. हा किस्सा सगळेच सांगतात आणि तो आहेही झकास, तरी माझ्या मते त्यांची खरी कामगिरी कार्यालयातली आहे. पश्चिम रेल्वेत क्रीडा अधिकारी असताना मुलींना खेळाच्या जोरावर नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्या झगडत राहिल्या, कारण महिन्याचा पगार हाती असला की घरचे लोक मुलीला मैदानावर जाऊ देतात. क्रिकेटपटू हरमनप्रीत कौरला मुंबईत पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळाचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या चार जणांच्या प्रशासक समितीत त्या एकट्याच स्त्री होत्या. या समितीच्या कारकिर्दीत, २०१८ साली, महिलांच्या अव्वल श्रेणीचे वार्षिक मानधन १५ लाखांवरून ५० लाखांवर गेले. पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला त्याच वेळी ७ कोटी मिळाले, हेही स्कोअर लिहिणाऱ्याने नोंदवले पाहिजे.

२०२३ मध्ये आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, हॉल ऑफ फेममध्ये दाखल होणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मी घरी दूरदर्शन संचासमोर पाठकोऱ्या कागदावर स्कोअर लिहीत बसले होते.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुनी कपाटे उघडली, त्यात आमचे ते स्कोअरबुक सापडले. कात्रण गळून गेले आहे. खळीचा पिवळा डाग तेवढा उरला आहे. गुणलेखकाच्या रकान्यात प्रत्येक पानावर सरांची सही आहे. अक्षर मात्र डावीकडे झुकलेले, माझे.