सर्दीची गोळी आणि तुंबलेली लघवी

ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होतो. पहाटे एक सत्तरी ओलांडलेले तात्या आले, सोबत मुलगा आणि सून. "पोटात गॅस धरलाय," मुलगा म्हणाला. सोडा पाजून झाला होता, ओवा चावून झाला होता. तात्यांना ना बसवत होतं ना आडवं होता येत होतं.

बेंबीखाली हात ठेवला तर पोट गच्च. बोटांनी वाजवून पाहिलं तर आवाज बद्द. गॅस असता तर पोकळ वाजलं असतं. "लघवी कधी झाली?" विचारलं, तर तात्या सुनेकडे बघून गप्प. दोघांना बाहेर पाठवलं. दार लागलं तसे म्हणाले, "काल दुपारपासून थेंब नाही, साहेब."

वॉर्डातल्या मामांनी बॅटरी धरली. जेली लावून सोळा नंबरची नळी सावकाश सरकवली. एरवी चार-पाचशे मिलिलिटरला माणूस कासावीस होतो, इथे पिशवीत 1100 भरली. तात्यांचे आवळलेले खांदे हळूहळू सैल पडले आणि "पांडुरंगा" एवढंच तोंडून निघालं.

मग सगळं बाहेर आलं. धार बारीक झाल्याला दोन वर्षं. रात्री चार-पाचदा उठायचं, म्हणून दिवस मावळला की पाणी बंद. एसटी मध्ये थांबवायला लागेल या लाजेनं पंढरपूरही सोडलं. घरात कुणाला पत्ता नाही. आदल्या दिवशी सर्दी झाली, मेडिकलमधून गोळी आणली. या गोळ्यांत बहुधा फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. एकानं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, दुसऱ्यानं मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची गाठ, आधीच वाढलेली असेल तर वाट बंदच होऊ शकते. तरण्या माणसाला तीच गोळी सहज पचते, म्हणून दुकानात वय आणि लघवीचा त्रास कुणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मला फार वाटतं.

गुदद्वारातून बोटानं तपासलं तेव्हा ती गाठ मोठी पण गुळगुळीत लागली, कुठे दगडासारखं कडक नाही. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी मुद्दाम त्या दिवशी पाठवली नाही. लघवी तुंबल्यावर आणि नळी घातल्यावर तो आकडा वाढतोच, आणि घरचे उगाच कॅन्सरच्या धसक्यात पडतात. काही आठवड्यांनी करू म्हटलं.

मी उठणार एवढ्यात तात्यांनी हात धरला. "एक विचारू? आता आमचं नवरा-बायकोचं... संपलं का?" मी पुन्हा स्टूलवर बसलो. या वयात हे विचारायला किती धीर लागतो, ते मला ठाऊक आहे. सांगितलं, नाही संपलं. नळी दोन-तीन दिवसांची. लघवीची वाट सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी चालू करून नळी काढून बघू. त्या गोळीनं वीर्य कमी येईल, कधी येणारही नाही, त्यात धोका काही नाही. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी काठावर बसायचं. जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी घेता का, तेही विचारलं. घेत असते तर जाहिरातीतल्या 'ताकदीच्या' गोळ्यांना हात लावू नका, दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो, हे बजावावं लागलं असतं.

"हे सगळं घरी आमच्या मंडळींना तुम्हीच सांगा," तात्या म्हणाले. सकाळी काकू डबा घेऊन आल्या. दोघांना शेजारी बसवून पहिल्यापासून सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी किती द्यायचं ह्यांना? संध्याकाळचं द्यायचं का नको?"