दहा मीटर एअर पिस्तूल, सराव-नोंद : थरथरता हात आणि सीए इंटर

मागच्या नोंदीत स्टान्स (उभे राहण्याची ठेवण) आणि मनगटाविषयी सविस्तर लिहिले होते. या वेळी गुणांचा हिशेब थोडक्यात उरकून मी दुसऱ्याच विषयाकडे वळणार आहे, कारण ज्या त्रासामुळे मी हा खेळ धरला त्याविषयी लिहिण्याजोगे काही आता कुठे हाती लागले आहे.

गुण असे (साठ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा) : सुरुवातीला ६०० पैकी ४८०च्या आसपास रेंगाळणारी मी आता बहुतेक वेळा ५३० ते ५४०च्या दरम्यान असते. राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज ५७५च्या पुढे खेळतात, त्यामुळे या आकड्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, दहा गोळ्यांच्या एका मालिकेत पूर्वी एक-दोन गोळ्या थेट पाच-सहावर भरकटत, ते आता क्वचित होते. सगळी वाढ त्यातूनच आलेली आहे. माझे दहा फारसे वाढलेले नाहीत.

आता त्रासाविषयी. मी इंदूरला सीए इंटरची, म्हणजे चार्टर्ड अकाउंटन्सीच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेची, तयारी करते. क्लास भंवरकुआँला आणि घर राजेंद्रनगरला. परीक्षा जवळ आली की छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा आणि पहाटे तीनला खाडकन जाग, हा क्रम ठरलेला होता. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचा निर्वाळा देऊन समुपदेशकांकडे पाठवले आणि तिथे इतर गोष्टींबरोबर एखादा नियमित खेळ सुरू करण्याचा सल्ला मिळाला. त्यांच्या मनात बहुधा धावणे किंवा पोहणे असावे, आणि दम लागेल असा व्यायाम चिंतेवर उपयोगी पडतो हे खरेच आहे. नेमबाजीत दम लागत नाही. दादाचा एक मित्र नेमबाजीच्या रेंजवर जात असे, म्हणून मी गेले आणि तिथेच रमले. त्यामुळे व्यायामाचे जे फायदे सांगितले जातात ते या खेळातून मला फारसे मिळाले, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी संध्याकाळी वेगळे चालावेच लागते. या खेळाने जे दिले ते निराळे आहे.

पिस्तूल हातात घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळते की हात हलतो. सरळ ताणलेल्या हाताच्या टोकाला किलोभर वजन धरले तर स्नायूंची बारीक थरथर कोणाचीही थांबत नाही. ऑलिंपिक पदकविजेत्याचीही नाही, फक्त तिचा आवाका लहान असतो. लक्ष्यावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटर व्यासाचा आणि त्यापुढचे प्रत्येक वलय आठ मिलिमीटर रुंदीचे. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळाखाली डोलताना दिसते आणि मन म्हणते, जरा थांब, स्थिर होऊ दे, मग दाब. इथेच घात होतो. श्वास रोखून नेम धरल्यानंतर पहिले सहा ते आठ सेकंद चांगले असतात. त्यानंतर स्नायू थकतात, डोळ्यांपुढची साइट पुसट होऊ लागते, थरथर वाढते, आणि अखेरीस साइट क्षणभर योग्य जागी आली की बोट ट्रिगरला हिसका देते. गोळी सहावर जाते.

हे का होते, हे रेंजवरच्या प्रशिक्षक सरांनी एकदा फळ्यावर गणित मांडून दाखवले आणि माझ्यासारख्या आकडेमोड करणारीला ते लगेच पटले. दोन्ही साइट, म्हणजे पुढची खूण आणि मागची खाच, एका रेषेत ठेवून संपूर्ण पिस्तूल समांतर एक मिलिमीटर सरकले, तर लक्ष्यावरचे छिद्रही एकच मिलिमीटर सरकते. मात्र ट्रिगरच्या हिसक्याने फ्रंट साइट मागच्या खाचेच्या तुलनेत एक मिलिमीटर हलली, तर दोन साइटमधले अंतर साधारण ३२ सेंटिमीटर आणि लक्ष्य दहा मीटरवर असल्यामुळे तीच चूक तिथे ३१ मिलिमीटर होते. मधोमध धरलेला नेम त्यामुळे सातवर जातो. प्रत्यक्षात हात खांद्यापासून डोलतो, म्हणून समांतर सरकण्याचा हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. तरीही तात्पर्य तेच राहते की हात हलल्याने जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान हात हलू नये म्हणून केलेल्या धडपडीने होते. सरांचे आवडते वाक्य, अर्थातच हिंदीत, ‘हाथ तो हिलेगा,’ एवढेच आहे. साइट रेषेत ठेवायच्या, त्या डोलत असतानाच ट्रिगरवरचा दाब एकसारखा वाढवत न्यायचा आणि गोळी केव्हा सुटेल याची वाट पाहायची नाही.

हे ऐकायला सोपे आणि करायला महाकठीण. मला त्याचा अभ्यासाशी असलेला संबंध कळायला बराच काळ गेला. टॅक्सेशनचे पुस्तक उघडले की धडधड सुरू होई आणि मी ठरवी, मन जरा शांत झाले की बसू. मग चहा, मग मोबाइल, मग कपाट आवरणे. मन शांत होण्याऐवजी उरलेला वेळ कमी झाल्याने धडधड वाढतच जाई आणि शेवटी रात्री अकराला घाबरून एखादा धडा हिसका मारल्यासारखा उरकला जाई. रेंजवर जे सात-आठ सेकंदांत घडते तेच घरी सात-आठ तासांत घडत होते. आता धडधड चालू असतानाच पहिला हिशेब सोडवायला घेते. ती बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या हिशेबापर्यंत ओसरते आणि कधी कधी ओसरतही नाही, पण हिशेब तरी सुटलेला असतो.

याची दुसरी बाजूही या खेळातच आहे, आणि नवीन नेमबाजांना ती पहिलीपेक्षा जड जाते असे माझे निरीक्षण आहे. आठ सेकंद उलटले आणि गोळी सुटली नाही, तर हात खाली आणायचा. पिस्तूल बाकावर टेकवायचे, दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एवढी मेहनत करून नेम धरला आहे तर आता दाबूनच टाकू, हा मोह फार मोठा असतो. मी सराव-वहीत गुणांच्या रकान्याशेजारी ‘हात खाली’ असा स्वतंत्र रकाना आखला आहे. ज्या दिवशी तिथे खुणा जास्त, त्या दिवशी भरकटलेल्या गोळ्या कमी, हे पानोपानी दिसते.

परीक्षेत याचा उपयोग सरळ आहे. शंभर गुणांना १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला १ मिनिट ४८ सेकंद आणि पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटे. नऊ मिनिटांत ताळा जुळला नाही, तर जागा सोडून पुढे जायचे. पूर्वी एका न जुळणाऱ्या ताळेबंदापायी पुढचे येणारे प्रश्न मी घालवत असे.

घरच्या सरावाची थोडी माहिती देते, कारण रेंजवर रोज जाणे कोणाला परवडणार? बोळकांडीच्या भिंतीवर तीन मीटरवरून दिसेल असा १८ मिलिमीटरचा काळा गोल चिकटवला आहे; दहा मीटरवरचे ५९.५ मिलिमीटरचे काळे वर्तुळ तीन मीटरवरून साधारण तेवढेच दिसते. पिस्तुलात गोळी आणि हवा नसताना केवळ ट्रिगरचा सराव करायचा, आणि तोही सुरक्षेचे सगळे नियम पाळून. आईचा ‘घरात पिस्तूल कशाला?’ हा आक्षेप बरेच दिवस टिकला. एवढ्या कमी ऊर्जेच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, हे बाबांनी नियम वाचून दाखवल्यावर तो काहीसा मावळला. ज्या दिवशी अभ्यासाला बसवत नाही त्या दिवशी मी आधी पंधरा मिनिटे हा कोरडा सराव करते. फ्रंट साइटची वरची कड धारदार दिसत असेल तर डोक्यात दुसरा विचार शिरायला जागाच राहत नाही, आणि कड पुसट झाली की समजावे, मन पुढच्या महिन्यातल्या पेपरात पोहोचले आहे.

जिल्ह्यातल्या एका छोट्या स्पर्धेत मात्र सगळे ज्ञान पणाला लागले. कागदी लक्ष्ये असल्याने साठ गोळ्यांना ९० मिनिटे होती आणि त्याआधी तयारी व चाचणीच्या (गुणांत न धरल्या जाणाऱ्या) गोळ्यांसाठी १५ मिनिटे. चाचणीच्या पहिल्याच नेमाला नाडीचा प्रत्येक ठोका फ्रंट साइटवर दिसू लागला. ठोका पडला की साइट किंचित वर उसळायची. लाकडी मूठ घामाने निसरडी झाली होती. पूर्वीची मी या क्षणी ‘आता काहीतरी भयंकर होणार’ असे समजून गारठले असते. त्या दिवशी ही अॅड्रेनलिनची करामत आहे, शरीर तयारीला लागले आहे आणि काही मिनिटांत जोर कमी होईल, हे नुसते माहीत नव्हते, तर रेंजवर अनेकदा अनुभवलेले होते. चाचणीचा वेळ असतो कशासाठी? मी मूठ पुसली, हवे तेवढे नेम सोडून दिले आणि पहिली मालिका ८४वर संपवली. पुढच्या मालिका नेहमीसारख्या झाल्या.

गंमत अशी की सीएच्या पेपरातही लिहिण्याआधी प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटेच असतात. त्या पंधरा मिनिटांना मी पूर्वी सगळ्यांत जास्त भीत असे. मागच्या परीक्षेत मी ती चाचणीच्या गोळ्यांसारखी वापरली : धडधड वर जाऊ द्यायची, कोणते प्रश्न आधी घ्यायचे यावर खुणा करायच्या, आणि लिहायला सुरुवात करताना हात थरथरत असला तरी पहिले वाक्य लिहून टाकायचे.

इथे एक इशारा द्यायला हवा. परीक्षेच्या धास्तीवर प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे काहींना डॉक्टर देतात. ती धडधड आणि थरथर दोन्ही कमी करतात आणि नेमक्या त्याच कारणाने ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ती नेमबाजांना, स्पर्धेच्या काळात आणि त्याबाहेरही, निषिद्ध आहेत. आपल्यापैकी कोणी ती घेत असेल तर स्पर्धेत नाव देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मात्र खेळापायी परस्पर औषध बंद करू नये. गुणांपेक्षा प्रकृती मोठी.

आणि खेळाला उपचार समजू नये. माझे समुपदेशन अजून चालू आहे, आणि मधल्या काळात झोप पार उडाली होती तेव्हा पिस्तुलाने काहीही केले नाही. तेव्हा मदत झाली ती माणसांची. ज्यांना कोणाकडे जावे हे सुचत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते.

इंदूरच्या नेमबाजांना महूचे सैन्याचे निशाणबाजी केंद्र जवळ असल्याचा अभिमान असतो. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तिथलेच. परंतु मला अलीकडे जास्त आठवते ती मनू भाकर. टोकियोत पात्रता फेरी चालू असताना तिचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याच दहा मीटरच्या प्रकारात तिला कांस्य मिळाले. त्या दोन्हींच्या मधल्या तीन वर्षांत तिने सरावाच्या वहीत काय लिहिले असेल, ते वाचायला मिळाले तर मी वाट्टेल ते देईन.

पुढच्या महिन्यात पिस्तुलाच्या मुठीचा आकार बदलते आहे. सध्याची अंगठ्याच्या मुळाशी सैल पडते आणि घाम आला की पिस्तूल हातात किंचित फिरते. लाकडाच्या पुट्टीने जागा भरून कानशीने घासण्याचा विचार आहे. कोणी हा उद्योग घरी केला असेल तर पुट्टी कोणती वापरली आणि ती घामाने सुटते का, हे जरूर कळवावे.