फरक १८,००० चा

३१ मार्चची दुपार, चार वाजलेले. नागपुरातल्या आमच्या कार्यालयात कूलर गरम हवाच फेकत होता. थकबाकीच्या देयकाला जोडायची ६२ नावांची यादी गणनापत्रकाशी जुळेना. यादीची बेरीज १८,००० नं जास्त. देयक त्या दिवशी कोषागारात गेलं नाही तर अनुदान व्यपगत, म्हणजे न वापरताच हातचं जाणार.

दोघं जण वरून खाली पुन्हा टिका मारायला बसले. वरिष्ठ लिपिक मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आधी नऊनं भागून पाहा."

शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नऊनं भाग जातोच. १८,००० म्हणजे ९ × २ × १,०००. चूक एकच असेल, तर उलटलेले अंक दशहजार आणि हजारच्या घरातले, आणि त्यांच्यात दोनाचं अंतर. बेरीज जास्त, म्हणून यादीत दशहजारचा अंक मोठा. अशा चारच ओळी निघाल्या. तिसरीत ५७,३४० ऐवजी ७५,३४० होतं.

टंकणारा मुलगा मुळीच निष्काळजी नाही. एक जण आकडे सांगत होता, हा टाइप करत होता. "सत्तावन्न" म्हणताना मराठीत सात आधी कानावर पडतो. एरवी मन तो आपोआप मागे नेतं. पण नेमका तेव्हा मुख्यालयाचा फोन आला: मार्चअखेरचा खर्च आत्ता सांगा. एका वेळी मनात जेमतेम चार गोष्टी टिकतात. खर्चाचा आकडा आत शिरला, सत्तावन्न अर्धवट राहिला आणि बोटं ऐकलेल्या क्रमानं चालली.

"दहा मिनिटांनी सांगतो" म्हणायची मुभा त्याला नव्हती. माझ्या मते खरं दुखणं हेच. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये तेच मांडलं होतं: कामाची मागणी जास्त आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, तिथे ताण सर्वांत जास्त. आपल्याकडे मात्र चूक झाली की खुलासा लिपिकाकडूनच मागतात.

देयक साडेसहाला गेलं.

आता आकडे सुटे वाचतो: पाच, सात, तीन, चार, शून्य. टंकणारा आणि तपासणारा वेगळा. मध्ये उठावं लागलं तर लाल रेघ मारायची आणि परतल्यावर दोन ओळी वरून सुरू करायचं, कारण थांबलो ती ओळ तपासून झाली असंच वाटत असतं. साहेबांनी पुढच्या मार्चपुरता एक माणूस फक्त फोनवर बसवला. एप्रिलमध्ये तो परत आवक-जावकला गेला.