रकाना क्रमांक 11

मागच्या अंगणातल्या फरसबंदीने आता दुसरा हिवाळा काढला. येणारे-जाणारे छान झालंय म्हणतात, खाली काय घातलंय ते विचारतात. मी सांगायला लागते आणि दर वेळी परवानगीच्या अर्जातल्या रकाना क्रमांक 11 पाशी येऊन अडते. तिथे नवरा उठून आत जातो.

जागा 7 मीटर बाय 5 मीटर. घरापासून बागेकडे जमीन उतरती, म्हणून खालच्या बाजूला माती धरून ठेवायला मीटरभराहून थोडी उंच भिंत. नुसती फरसबंदी असती तर कुणी विचारलं नसतं, पण भिंत आली की अर्ज आला.

आधी तिथे जुना काँक्रीटचा कोबा होता. त्याला दोन आजार होते आणि ते एकच आहेत असं मी कितीतरी वर्षं समजत होते. वरून पापुद्रे सुटत होते, ते काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्यामुळे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि बर्फ वितळवायला आम्ही हौसेने टाकलेल्या मिठाने त्यात भर घातली. दुसरं म्हणजे एक कोपरा दर हिवाळ्यात वर यायचा आणि बागेचं फाटक त्याला अडायचं. हा आजार खालच्या मातीचा. पहिल्यावर चांगला माल घेऊन भागतं. दुसऱ्यासाठी खणावंच लागतं.

तर अर्ज. नकाशा, मोजमापं, भिंतीचा छेद, सगळं एका रविवारी झालं. रकाना 11 होता ‘पाण्याची अंतिम विल्हेवाट’, त्याखाली दोन ओळींची जागा. मी लिहिलं, ‘उतारावरून वाहून जाईल.’ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला आणि महिनाअखेरीला परत आला. शेऱ्याच्या जागी एकच शब्द: ‘कुठे?’

प्रश्न रास्त होता, नाही म्हणत नाही. पण परत आलेला अर्ज पुन्हा दिला की तो रांगेत शेवटी जातो आणि कामाचे पंधरा दिवस पहिल्यापासून मोजायचे, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी नकाशावर बाण काढले, खालच्या कोपऱ्यात पाइपचं तोंड दाखवलं, शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर टाकलं. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा परत. शेरा: ‘पातळी?’

फोन केला. अजून काय काय लागेल ते एकदमच सांगा, म्हटलं. उत्तर आलं, जे विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्या. म्हणजे त्यांच्याकडे प्रश्नांची यादी आहे, आणि ती आम्हाला एकेक शब्दाने वाढायची असं ठरलेलं आहे!

चिडून पाण्याची नळी आणली. पारदर्शक, लांब, दोन टोकांना दोन माणसं. घराचा उंबरठा शून्य धरला आणि प्रत्येक ठिकाणची पातळी घेतली. फरसबंदीला 2 टक्के ढाळ, म्हणजे 5 मीटरला 10 सेंटिमीटर, तो बरोबर बसला. पण भिंतीच्या मागे तळाशी जो भोकांचा पाइप जाणार होता, त्याच्यापेक्षा मी काढलेलं बाहेरचं तोंड 6 सेंटिमीटर वर निघालं. बाणाप्रमाणे पाणी बाहेर आणि पातळीप्रमाणे पाणी भिंतीत. नवऱ्याने नळीचं टोक धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काही बोलू नकोस. तोंड चार मीटर पुढे बागेत नेलं आणि अर्ज पुन्हा रांगेत.

इथे माझी घोडचूक. परवानगी भिंतीला लागते, खणायला कोण विचारतंय, असं म्हणून मी सप्टेंबरातच खड्डा काढून घेतला होता. जमिनीखालच्या तारा-पाइपांची खूण करून घेतली होती, तेवढं शहाणपण शाबूत होतं. ठोकणी यंत्र आणि माणसं ठरलेली, खडी सांगितलेली. ऑक्टोबरात पाऊस पडला आणि खड्ड्याचं तळं झालं. मध्यावर तिसरा शेरा आला: ‘गोठल्यावर?’

त्या दिवशी मी खरोखर ओरडले. नंतर बाहेर जाऊन उभी राहिले आणि पाइपचं तोंड जिथे काढलं होतं तिथे पाहिलं. कुंपणाची सावली. हिवाळ्यात तिथे दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही, बर्फ सगळ्यात शेवटी तिथला जातो. म्हणजे वर बर्फ वितळतोय, पाणी भिंतीमागे येतंय, आणि बाहेर तोंडाला बुच. तुंबलेलं पाणी रात्री पुन्हा गोठणार आणि भिंतीला ढकलणार. तोंड उन्हाच्या बाजूला वळवलं, पाइपचा ढाळ वाढवला, भिंतीच्या खालच्या थरात ठरावीक अंतरावर फटी ठेवल्या. शिवाय पाइप भरला तर पाणी जायला खडीचा शोषखड्डा, त्याचा तळ गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली. आमच्याकडे ती 1.2 मीटर धरतात. दोन ओळींच्या जागेला दीड पान जोडलं. नोव्हेंबरात उत्तर आलं: ‘मंजूर.’ तोही एकच शब्द. पहिल्याच खेपेला तिन्ही शब्द एका कागदावर लिहिले असते तर सप्टेंबरात भिंत उभी राहिली असती, हे माझं म्हणणं आजही आहे.

तोवर जमीन गोठली होती. गोठलेली माती ठोकून बसत नाही. ती दगडासारखी लागते, म्हणून फसगत होते. वितळली की खाली पोकळ. माणसं परत पाठवली. खड्डा हिवाळाभर उघडा.

जानेवारीत एकदा कुदळीने खड्ड्याच्या भिंतीतलं एक ढेकूळ काढलं. हातात घेऊन मोडलं तर आत बर्फाच्या पांढऱ्या रेघा, जमिनीला समांतर, एकाखाली एक, मिटलेल्या वहीची कड दिसावी तशा. काही केसाएवढ्या, एक-दोन नखाएवढ्या जाड. मधली माती कोरडी ठणठणीत. तिच्यातलं पाणी त्या रेघांनी ओढून घेतलं होतं. कोपरा वर का यायचा ते त्या ढेकळात दिसलं. जागच्या जागी पाणी फुगून एवढी उचल होत नाही. थंडी जिथवर उतरली असेल तिथे बर्फाचा थर धरतो आणि खालचं ओलं वर खेचत राहतो, दिव्याच्या वातीसारखं. स्टीफन टेबर नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास हे दाखवलं होतं. त्याने पाण्याऐवजी बेंझिन वापरलं, जे गोठताना आकसतं, तरी माती उचलली गेली. हिवाळाभर दुसरं काम नव्हतं, म्हणून मी हे वाचत बसले.

त्यातूनच माती ओळखायची सोपी युक्ती सापडली. बरणीत माती आणि पाणी घालून हलवायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ. आमच्या बरणीत मधला थरच सगळ्यात जाड. पिठासारखा हाताला लागणारा गाळ सगळ्यात वाईट, कारण तो पाणी चढवतोही आणि चढू देतोही वेगाने. चिकणमाती ओढते जोरात, पण तिच्यातून पाणी हळू सरकतं.

मार्च-एप्रिलमध्ये दुसरा तमाशा. वरची वीतभर माती वितळली, खालची अजून गोठलेली, त्यामुळे पाण्याला वाट नाही. खड्ड्यात उतरले तर बूट तिथेच राहिला आणि पाय वर आला. पंप लावून उपयोग नव्हता. मेपर्यंत थांबलो, वरचा 10 सेंटिमीटर चिखल काढून टाकला आणि मग कुठे कामाला हात लागला.

पुढचं काम आठ दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं कमी. खड्ड्यात जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे गाळ खडीत चढत नाही. चिखल काढल्यामुळे खडीचा थर 25 सेंटिमीटरच्या जागी 35 झाला. कोरड्या, गाळ नसलेल्या जमिनीवर बसण्याच्या जागेला 15 सेंटिमीटर पुरतात, इथे नाही. थर एकदम ओतून वरून ठोकायचा नाही. 7 ते 10 सेंटिमीटर टाकायचा, ठोकायचा, मग पुढचा. त्यावर पुन्हा कापड आणि मग 2.5 सेंटिमीटर जाड वाळू, तिला दोन पाइपांवरून पट्टी मारून सपाट करायची. ती पट्टी मी स्वतः मारली आणि त्यावर कुणालाही पाय ठेवू दिला नाही. वर 6 सेंटिमीटरचे पेव्हर ब्लॉक.

खडीवरून आठवलं. पुरवठादार ‘बारीक भुकटीसकट घ्या, घट्ट बसते’ म्हणेल. बसतेही. पण भुकटी जास्त झाली की खडीच वात बनते. कासाग्रांदे या अभियंत्याने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच निकष दिला होता: मिश्र आकाराच्या मातीत 0.02 मिलिमीटरहून बारीक कण 3 टक्क्यांवर गेले की ती गोठताना फुगू शकते. हा आकडा घेऊन मी पुरवठादाराकडे गेले तर तो माझ्याकडे त्या कार्यालयासारखाच बघत राहिला. शेवटी धुतलेली खडी घेतली. वाळूच्या जागी दगडाचा चुरा घालायचा सल्लाही याच कारणाने टाळा, तो पाणी धरून बसतो. आणि धुतलेल्या खडीवर थेट वाळू नको, ती फटींत गळत जाते. मध्ये कापड हवं.

भिंत सिमेंटने न जोडता ठोकळे रचून केली, पहिला थर जमिनीत गाडून, मागे 30 सेंटिमीटर खडी. ही भिंत थोडी हलली तरी तुटत नाही. जोडलेली भिंत असती तर पाया 1.2 मीटरच्या खाली न्यावा लागला असता. मांडवाच्या चार खांबांचे पाये मात्र तेवढे खोल नेले, कारण खांब वर आला तर मांडव मोडतो. त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेलं काँक्रीट घातलं, साधारण 6 टक्के हवा. आतल्या पाण्याला गोठताना सरकायला जागा मिळते.

राहिलेलं जसं आठवेल तसं. ब्लॉक घेताना पाणी शोषण्याचं प्रमाण विचारा, सरासरी 5 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर परत फिरा. नैसर्गिक दगड हवा असेल तर ग्रॅनाइट. मऊ वालुकाश्माचे थर सुटतात. फरसबंदी घराच्या भिंतीला चिकटवू नका, फट सोडा, दोघं वेगवेगळी हलतात. घराच्या पायाजवळची भरावाची माती बसत राहते, तिथे ठोकायला कंजुषी केली तर ढाळ उलटा होऊन पाणी घराकडे येतं. कडेची पट्टी विसरलात तर बाहेरच्या रांगा दोन हिवाळ्यांत पसरतील. सांध्यांत भरायची घट्ट होणारी वाळू टाकल्यावर पाणी मारायच्या आधी वरची धूळ फुंकून काढा. मी घाई केली, दाराजवळ पांढुरका डाग अजून आहे. मीठ बंद, घसरू नये म्हणून वाळू. आणि खणलेली माती फुगते, खड्ड्याच्या मापावरून गाडी सांगितलीत तर उरलेला ढीग बागेत राहतो. आमचा आहे, त्यावर आता गवत उगवलंय.

पहिल्या हिवाळ्यानंतर पट्टी आणि पाणसळ घेऊन सगळीकडे मोजलं. सगळ्यात जास्त फरक 4 मिलिमीटर, तोही भिंतीजवळच्या एका रांगेत, आणि जूनपर्यंत ती परत खाली बसली. फाटक कशालाही न अडता उघडतं. यंदा बर्फ वितळायला लागला त्या दुपारी मी पाइपच्या तोंडाशी गेले. वर फरसबंदीच्या कडेला अजून बर्फ होता आणि इथे बोटाएवढी धार उन्हात पडत होती. फोटो काढला, खाली ‘इथे’ असं लिहिलं आणि जुन्या अर्जाला जोडून पाठवायला गेले. प्रकरण निकाली निघाल्यामुळे जोडपत्र स्वीकारता येत नाही, असं आलं.