बाबा म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण अकरावीला कुठे?

लेक सातवीत आहे आणि गेले तीन महिने आमच्याकडे शनिवार म्हणजे शाळा बघायचा वार झालाय. आम्ही कोथरूडला राहतो, ती पेठेतल्या एका जुन्या शाळेत सेमी इंग्लिशला आहे, शाळेबद्दल तशी तक्रार काही नाही, पण वर्गात साठ पोरं आणि हिचं "पण का?" काही संपत नाही, मग बाईंचा पोर्शन मागे पडतो आणि डायरीत शेरा येतो. त्यात नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, तिथे निम्म्या लोकांची मुलं आयजीसीएसई (म्हणजे केंब्रिजची दहावी) नाहीतर आयबी ह्या दुसऱ्या इंटरनॅशनल बोर्डाला, त्यामुळे लंच टेबलावर जे काही ऐकायला मिळतं ते संध्याकाळी घरी येतं.

मग आम्हाला कळलं की हल्ली एकाच कॅम्पसमध्ये दोन्ही असतं. एका विंगला स्टेट बोर्ड किंवा सीबीएसई, दुसऱ्या विंगला केंब्रिजचं आयजीसीएसई. आठवीत घाला आणि पुढे ठरवा. मला ही आयडिया इतकी आवडली ना, कारण ठरवणं पुढे ढकलता येतं आणि त्यात मी पटाईत आहे.

पहिली शाळा बाणेरच्या बाजूची. रिसेप्शनला कॉफी मशीन, काचेच्या भिंती, आणि काउन्सेलर मॅडमच्या तोंडी पाच मिनिटांत सात वेळा "फ्लेक्सिबल पाथवेज" (नवरा बोटं मोजत होता). मी विचारलं, मॅडम, मधेच बदलायचं झालं तर? त्या म्हणाल्या, एनी टाइम मॅम. मला बरं वाटलं, ब्रोशर घेऊन खाली आलो, तर पार्किंगमध्ये एक आई मुलाची वाट बघत उभी होती, तिला सहज विचारलं. ती हसलीच. म्हणाली, माझा नववीत गेला तिकडे, दिवाळीनंतर जमेना, म्हणून परत स्टेटला टाका म्हणलं तर सांगितलं आता नाही होणार. सरळ आहे की, आयजीसीएसईचा कोर्स साधारण नववी-दहावी असा दोन वर्षांचा, विषयही वेगळे निवडलेले, स्टेटला बीजगणित-भूमितीचे दोन पेपर, इतिहास-भूगोल, तीन भाषा, हे सगळं अर्ध्या वर्षातून पकडायचं कसं. म्हणजे दरवाजा आहे पण आठवीच्या शेवटीच, आणि तोही एकाच बाजूने उघडणारा.

घरी येऊन हे सगळं बाबांना म्हणजे सासऱ्यांना सांगितलं. बाबा न्यू इंग्लिश स्कूलचे, १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी काढलेल्या शाळेत आपण शिकलो हे ते आलेल्या पाहुण्याला चहा यायच्या आत सांगतात. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं, पण अकरावीला कुठे?"

आणि खरंच, ह्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही सगळा विचार दहावीपर्यंतचाच केला होता. मग मी दोन आठवडे रात्री जागून वाचत बसले आणि लक्षात आलं की शाळेला विचारायचे प्रश्नच मी चुकीचे घेऊन फिरत होते, स्विमिंग पूल आणि टीचर-स्टुडंट रेशो वगैरे.

आता बघा, आयजीसीएसईची परीक्षा भारतात मार्चलाही देता येते आणि मे-जूनलाही. मार्चची दिली तर निकाल मे महिन्यात हातात येतो, मे-जूनची दिली तर थेट ऑगस्टमध्ये, आणि तोपर्यंत आपल्याकडे अकरावीच्या ॲडमिशनच्या याद्या लागून जातात. इतकी साधी गोष्ट, पण पहिल्या शाळेत कुणी सांगितली नाही. दुसरं गणिताचं. तिथे कोअर आणि एक्सटेंडेड असे दोन प्रकार, आणि कोअर घेतलं तर पेपर कितीही चांगला लिहा, सी ग्रेडच्या वर मिळतच नाही, ए स्टार वगैरे फक्त एक्सटेंडेडला. ज्याला अकरावी सायन्सला जायचंय त्याने कोअर घेऊन काय करायचं? सायन्सचंही तेच, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी वेगवेगळे विषय घेता येतात किंवा कम्बाइन्ड सायन्स म्हणून तिन्ही मिळून एकच विषय. काही शाळा म्हणे मुलांवर लोड नको म्हणून कम्बाइन्ड देतात. लोड नको हे ऐकायला फार गोड वाटतं.

आणि पुढचं तर अजून. इंजिनीअरिंगची एमएचटी-सीईटी स्टेट बोर्डाच्या सिलॅबसवर असते, अंदाजे ८० टक्के बारावीचं आणि २० टक्के अकरावीचं. तिकडच्या बारावीचं म्हणाल तर आयबी डिप्लोमाचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, केंब्रिजच्या ए लेव्हलचा मे-जूनच्या परीक्षेचा ऑगस्टमध्ये. परदेशातली कॉलेजं आधीच प्रेडिक्टेड ग्रेडवर, म्हणजे शाळेने अंदाजाने कळवलेल्या ग्रेडवर, ऑफर देऊन ठेवतात, त्यामुळे तिकडे जायचं असेल तर सगळं जुळतं, इथेच राहायचं असेल तर तारखांशी कुस्ती. नवरा म्हणाला, अगं तेरा वर्षांची आहे ती. म्हणलं तेच तर, तिला काय माहिती ती कुठे जाणारे, आणि आपण तिकीट आत्ताच काढायला निघालोय.

एक सांगते, अभ्यास वेगळा असतो हे मात्र खरंय. माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं आयजीसीएसईचं सायन्सचं पुस्तक आणि आपलं बालभारतीचं असं दोन्ही डायनिंग टेबलवर ठेवून लेक बसली होती. आपल्याकडे व्याख्या, शास्त्रीय कारणे द्या, फरक स्पष्ट करा, आणि भाग एक-भाग दोन ४०-४० मार्कांचे, वर प्रॅक्टिकलचे २०. तिकडे आलेख दिलेला, त्यातलं एक रीडिंग मुद्दाम गडबडलेलं, आणि हे का झालं असेल ते सांगा. ती त्या रीडिंगवर अर्धा तास बसली, जेवायला उठेना. पण बालभारतीचं पुस्तक वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि किमतीचं तर बोलायलाच नको, आपला अख्खा संच येतो तेवढ्यात तिकडचं एक फिजिक्स येत नाही.

दुसरी शाळा पाषाणच्या पुढे. कॉफी नाही, गेटवर रजिस्टरमध्ये सही, को-ऑर्डिनेटर सर स्वतः फिरवायला आले. मी माझी नवी विद्या लगेच पाजळली, सर, सायन्सला पेपर फाइव्ह की पेपर सिक्स? (पाच म्हणजे मुलं खरोखर प्रयोग करून परीक्षा देतात, सहा म्हणजे प्रॅक्टिकलऐवजी कागदावरची लेखी परीक्षा. केंब्रिजला दोन्ही चालतं, निवड शाळेची. एका मैत्रिणीने सांगितलं होतं की हे विचार, लॅबचं काय ते कळेल.) सरांनी माझ्याकडे जरा नीट बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचा सिक्स. फाइव्हला माणसं जास्त लागतात, आम्हाला नाही परवडत. पण लॅब कुलपात नसते, चला."

आणि नव्हती. सात-आठ मुलं दोऱ्याला नट बांधून झोके मोजत होती, एक मुलगी वहीत आकडा लिहायची, खोडायची, परत दोरा सोडायची, तिच्या पार्टनरचं स्टॉपवॉचवरचं बोट दर वेळी उशिरा पडत होतं आणि ती त्याच्यावर डाफरत होती. आमची लेक दारात उभी. सर पुढे निघून गेले, मी पुढे गेले, ही तिथेच, आणि परत येऊन बघते तर हिने त्या मुलाला सांगितलेलं की एक झोका मोजू नकोस, वीस मोज आणि भाग.

सरांनी पुढेही साफ सांगितलं की आठवीचा फेब्रुवारी ही शेवटची तारीख, नंतर बदल नाही. मार्चलाच परीक्षा देतो, गणित एक्सटेंडेडच, तिन्ही सायन्स वेगळी हवी तर आत्ताच सांगा कारण टाइमटेबल तसं लावावं लागतं. आणि आयजीसीएसई करून अकरावी स्टेट बोर्डाला जाणाऱ्यांना पहिले तीन-चार महिने गणित-फिजिक्स जड जातं, ते धरून चाला. फी मात्र आयजीसीएसईच्या विंगची जवळपास तिप्पट, बस आणि परीक्षेचे पैसे वेगळे. मराठी? आहे, २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांना ठेवावी लागते, पण आठवड्याला तास किती विचारल्यावर सर पहिल्यांदा अडखळले. ते काम आता बाबांनी घेतलंय अंगावर, रोज संध्याकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, लेक आत्तापासूनच तोंड वाकडं करतीये.

एका सोमवारी आम्ही बसच्या वेळेला स्वतः गाडीने जाऊन बघितलं, सव्वासहाला निघालो, बसचे स्टॉप धरून, चांदणी चौकाच्या आधीच ही मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती. परत येताना पन्नास मिनिटं. हे एक अजून डोक्यात आहे, त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

तरी काल फॉर्म भरून आलो, आठवीचा, ह्या दुसऱ्या शाळेचा. पेठेतली शाळा सोडायची म्हणून तिथल्या बाईंना सांगायचं अजून राहिलंय आणि त्याचंच जास्त टेन्शन आहे मला. फॉर्मवर एक रकाना होता, पाथवे, दोन चौकोन. मी काउंटरवरच्या ताईंना म्हणलं, हे रिकामं ठेवते, सर म्हणाले फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. त्या म्हणाल्या, मॅडम कॉम्प्युटर रिकामं घेत नाही, काहीतरी टिक करा. लेकीने पेन ओढलं, स्टेट बोर्डवर टिक केली, आणि मला म्हणाली, "आई, आत्ता ही. बाबाआजोबांना सांग, अकरावीचं मी बघते."