तापीकाठचा माणूस समुद्रात भाला घेऊन कशाला उतरला?

गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, शहाद्याच्या स्टँडवर, एकदा तर दशक्रियेलासुद्धा. सिएटलला नोकरीत असताना मी तिकडच्या समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारायचो, हे कोणीतरी फोटो दाखवून आधीच पसरवलेलं असतं. मग एखादे आबा चष्म्यावरून बघत विचारतात, "तठे मासा इकत नही भेटतस का रे?" पोरं जरा वेगळं विचारतात. थंडी वाजत नाही का? भीती वाटत नाही का? आणि हंगाम संपायला आला की मगच का जायचास? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

विकत मिळतो. साफ केलेला, काटे काढलेला, बर्फावर मांडलेला मिळतो. पोटासाठी त्या पाण्यात शिरायची काही गरज नव्हती.

पाणी म्हणाल तर प्यूजेट साउंडचं. वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक महासागर जमिनीत खोलवर घुसलाय, त्या पाण्याला हे नाव. बारमाही गार. जूनमध्येसुद्धा दहा-अकरा अंशांच्या आसपास. इकडे मे महिन्यात पारा ४३ वर गेला की आपण दुपारी दारं लावून बसतो, आणि तिकडे त्याच दिवसांत मी सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट अंगावर चढवायची खटपट करत असायचो. आत साबणाचं पाणी ओतल्याशिवाय तो सूट अंगात जात नाही. हातमोजे, पायमोजे, डोक्याला टोपरं, सगळं रबरी. तरी चेहऱ्याचा थोडा भाग उघडा राहतोच. पहिल्या बुडीला कपाळात जी कळ जाते, ती बर्फाचा गोळा घाईघाईने खाल्ल्यावर जाते तशी. पाचेक मिनिटांनी चेहरा बधिर होतो आणि मग बरं वाटतं.

छोटी अॅल्युमिनियमची होडी, मागे इंजिन, माणसं तीन. एक होडीवर, दोघं पाण्यात. त्या दोघांतलाही एकच खाली जाणार, दुसरा वर तरंगत त्याच्यावर नजर ठेवणार. होडीवर लाल झेंडा, त्यावर तिरपी पांढरी पट्टी, म्हणजे दुसऱ्या होड्यांना कळावं की खाली माणूस आहे. हवेची टाकी आम्ही वापरत नव्हतो. छातीत मावेल तेवढा दम, तेवढाच वेळ.

मासा लिंगकॉड. ठिपक्याठिपक्यांचा, मोठ्या डोक्याचा. खडकाच्या कपारीत पोट टेकून बसून राहतो आणि पुढ्यातून कोणी गेलं की एका झेपेत गिळतो. तोंडात पाचशेवर दात. तिथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली मोजून सांगितलं की हा मासा दिवसाला सरासरी वीस दात टाकतो आणि नवे उगवतात. मेल्यावरही त्याच्या तोंडात बोट घालू नये, एवढं त्यावरून समजा.

आता हंगाम. मी होतो तेव्हा तिथे लिंगकॉड धरायची मुभा १ मे ते १५ जून. त्यातही भालेवाल्यांना २१ मेपासून. म्हणजे आमच्या वाट्याला साडेतीन आठवडे. हिवाळ्यात मादी खडकात अंडी घालून निघून जाते आणि नर त्या अंड्यांजवळ राखण करत बसतो, जागचा हलत नाही. त्या दिवसांत भाला चालवला तर नर जातो आणि अंडी उघड्यावर पडतात, म्हणून बंदी. दिवसाला माणशी एकच मासा, तोही २६ इंचांपेक्षा लहान नको आणि ३६ पेक्षा मोठाही नको. लहान नको हे कोणालाही पटतं. मोठा का नको? कारण छत्तीसच्या वर गेलेला जवळपास प्रत्येक मासा मादीच असतो, आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त.

गळाला लागलेला मासा मापात बसला नाही तर सोडून देता येतो. भाला लागलेला मासा कुठे सोडणार? म्हणून माप आधी घ्यायचं, तेही पाण्याखाली, दम कोंडलेला असताना, नुसत्या नजरेनं. आणि नजर तिथे खोटं बोलते. मास्कच्या काचेआड हवा असते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, त्यामुळे समोरचं सगळं एक तृतीयांश मोठं आणि पाव अंतराने जवळ दिसतं. वीस इंचांचं पिल्लू सत्तावीस इंचांचं दिसतं, म्हणजे बरोब्बर मापात! मोहात पाडायलाच ही व्यवस्था केल्यासारखी वाटते.

हा धडा खरं तर मला इथेच मिळाला होता. आमच्याकडे धडगावकडचे एक सालदार होते. उन्हाळ्यात गोमाई नदी आटून नुसते डोह उरले की ते काठावरून तीरकामठ्याने मासे टिपायचे. मला पाण्यात मासा स्पष्ट दिसायचा, त्यांचा बाण मात्र माशाच्या चांगला खाली जाताना वाटायचा, आणि मासा बाणावर वर यायचा. विचारलं तर म्हणायचे, "मासा दिखस तठे नही रहास, खाले मार." वरून बघताना पाण्याची खोली पाऊणच भासते, हे शाळेत भौतिकशास्त्रात शिकलो ते फार नंतर. सर फळ्यावर पाण्याचं भांडं आणि वाकडी पेन्सिल काढत होते, मला गोमाईचा डोह दिसत होता.

प्यूजेट साउंडमध्ये उपाय साधा होता. भाल्याच्या बंदुकीच्या दांड्यावर २६ आणि ३६ इंचांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. दांडा माशाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा आणि खुणेशी ताडून बघायचं. पाण्यात दांडाही तितकाच फुगतो, त्यामुळे हिशोब जुळतो. जरा शंका आली की वर यायचं. या नियमावरून होडीत भांडणं व्हायची, पण मला तो पटलेला होता.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळं आणखी अवघड होतं आणि मला तोच आठवडा आवडायचा. उथळ खडकांवरचे मापातले मासे तोवर लोकांनी उचललेले असतात. उरतात चोवीस-पंचवीस इंचवाले, नाहीतर खाटेएवढ्या वाटणाऱ्या माद्या. त्यात वसंतापासून पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजलेलं, हिरवट धुक्यातून चाललोय असं वाटावं इतकं. जूनमध्ये तिथली मोठी ओहोटी भर दिवसा लागते, पाणी बेटांच्या मधून नदीच्या पुरासारखं धावतं, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या थांब्यातच उतरता येतं. तो थांबा कधी अर्धा तास, कधी तेवढाही नाही. एकदा कपारीत एक मादी होती. तिच्या गालफडाची उघडझाप, पाठीवरचे तपकिरी ठिपके, हनुवटीजवळ चिकटलेला एक समुद्रतारा, इतकं जवळून दिसत होतं. मी दांडा आडवा धरला तर शेपूट ३६च्या खुणेच्या पार पुढे. ती हललीसुद्धा नाही. अशा दिवशी घरी जाऊन वरणभातच खायचा.

मिळाला तर मात्र थाट. काही लिंगकॉडचं मांस कापल्यावर निळसर-हिरवं निघतं, शाईत बुडवल्यासारखं. पहिल्यांदा बघणारा पातेलं सोडून पळेल. शिजलं की पांढरंशुभ्र होतं, चवीत काही फरक नाही. आईने पाठवलेला काळा मसाला, भाजलेलं खोबरं, कांदा, वर तेलाचा तवंग. ज्वारीचं पीठ तिकडे मिळायचं, भाकरी मात्र माझ्या हातून कधी गोल झाली नाही. होडीवरचे अमेरिकन मित्र घाम पुसत पुन्हा रस्सा मागायचे.

मग आता तापीत का उतरत नाहीस, असंही विचारतात. तापीवरच्या प्रकाशा गावच्या बंधाऱ्यात पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर भाला मारायचा नाही, इतकं तर कळतं. शिवाय पाण्यात जागोजागी तंगूसची जाळी. दम कोंडून त्यात अडकायला मी काही खुळा नाही. तिथलं पाणी भोई बांधवांना कळतं, मी त्यांच्याकडून वाम घेतो.

राहिली भीती. वाटते, आणि थंडीपेक्षा तीच जास्त वाटायला हवी. खोल गेल्यावर दाबामुळे रक्ताला प्राणवायू पुरेसा मिळत राहतो. वर येताना शेवटच्या काही मीटरांत तो दाब झपाट्याने उतरतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. आधी कळ नाही, धाप नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेतले तर धोका वाढतो, कारण त्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि श्वास घ्यायची ओढच लागत नाही.

हे समुद्रापुरतं नाही, म्हणून लिहितोय. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीत तळाची माती आणायच्या पैजा लागतात, आणि पोरं उडी मारण्याआधी नेमके असेच भात्यासारखे श्वास घेतात. ते थांबवा. एका वेळी एकानेच बुडी मारायची, आणि चांगलं पोहता येणाऱ्या एकाने काठावर नुसतं बघत उभं राहायचं. बुडी मारणारा हसत वर आला तरी अर्धा मिनिट नजर काढायची नाही. पुष्कळदा शुद्ध हरपते ती डोकं पाण्याबाहेर आल्यानंतर.