निकालाची रात्र, तीन आठवड्यांची

संध्याकाळचे सात वाजले तशी बाबांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली, चष्मा पुसला आणि विचारलं, "टपाली मतं झाली का मोजून?"

तारीख २८ एप्रिल २०२५, वार सोमवार. बाबांचा उपास, म्हणून गॅसवर साबुदाण्याची खिचडी. आमच्या मिल्टनमध्ये, म्हणजे टोरांटोच्या पश्चिमेला तासाभरावरच्या गावात, कॅनडाच्या संसदेसाठीचं मतदान अजून अडीच तास चालणार होतं. नवरा कारखान्यातून परस्पर मत टाकायला गेला होता. आणि टीव्हीवर न्यूफाउंडलंडच्या पेट्या उघडत होत्या.

बाबा खुर्चीतून निम्मे उठले. "म्हणजे? इथलं मतदान चालू असताना तिथला निकाल दाखवणार? आणि आचारसंहिता?"

बाबा वाईजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत किती वेळा इलेक्शन ड्युटी केली याचा हिशेब त्यांच्याकडेच आहे. मतदान केंद्राध्यक्ष, मतमोजणी, सगळं. त्यामुळे माझ्या पहिल्या कॅनेडियन निवडणुकीला घरात निरीक्षक नेमल्यासारखीच परिस्थिती होती. २०२१ मध्ये मी नुसती पीआर, म्हणजे कायम रहिवासी होते, मत नव्हतं. २०२३ मध्ये किंग चार्ल्सच्या नावाने शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट परत केला, आणि तेव्हा बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, "मग यादीतून नाव कमी करायला अर्ज द्यावा लागेल." वाईट वाटलं असणार, पण त्यांनी फॉर्मचा नंबर सांगितला.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मुलाने दिलं. देश इतका आडवा की न्यूफाउंडलंड आणि ब्रिटिश कोलंबियाच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक. पूर्वी पश्चिमेचं मतदान संपेपर्यंत पूर्वेचे निकाल जाहीर करायला बंदी होती. इंटरनेट आल्यावर ती बंदी पाळणार कोण, म्हणून २०१५ च्या निवडणुकीपासून ती नाही. त्याऐवजी वेळाच अशा ठेवल्यात की ओंटारियो, क्यूबेक आणि प्रेअरीजचे प्रांत आमच्या साडेनऊला एकदम बंद होतात आणि ब्रिटिश कोलंबिया दहाला. "बरं," बाबा म्हणाले आणि पिशवीतून वही काढली. शंभरपानी, दोन रेघी. पक्षांचे रकाने आखलेले: लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह, ब्लॉक (क्यूबेकपुरता पक्ष), एनडीपी (डावीकडचा), ग्रीन. वर गोल करून १७२. एकूण जागा ३४३, मागच्या वेळेपेक्षा पाच जास्त, त्यामुळे बहुमत १७२ ला.

मी माझं मत दहा दिवस आधीच टाकलं होतं, गुड फ्रायडेला. आगाऊ मतदान चार दिवस असतं आणि त्या वर्षी ते नेमकं ईस्टरच्या सुट्टीत आलं. शाळेच्या जिमबाहेर पाऊण तास रांग. देशभरात त्या चार दिवसांत ७३ लाख लोकांनी मत टाकलं, तोवरचा विक्रम. आत गेले, लायसन्स दाखवलं, यादीतल्या नावावर रेघ मारली, घडी घातलेला कागद हातात दिला. काळ्या पट्टीवर पांढरी वर्तुळं आणि एक पेन्सिल. शाई नाही, बटण नाही, बीप नाही. घरी येऊन सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "चिन्ह?" चिन्ह नसतंच. आडनावाच्या अक्षरक्रमाने नावं आणि खाली बारीक अक्षरांत पक्ष. "आणि पेन्सिल? खोडता येते की!" मी कोणाला मत दिलं ते मात्र त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

ही निवडणूक एवढी कशी तापली ते बाबांना समजावणं सोपं नव्हतं. त्यांच्या डोक्यात कॅनडा म्हणजे ट्रुडो, आणि ट्रुडो म्हणजे २०२३ पासूनचं भारताशी भांडण. पण ट्रुडोंनी ६ जानेवारीलाच पंतप्रधानपद सोडणार असल्याचं सांगितलं होतं. तेव्हा पियेर पॉलिएव्हर यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह जनमत चाचण्यांत वीसेक टक्क्यांनी पुढे होते आणि ट्रुडोंच्या लिबरलांची धूळधाण होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग तिकडे ट्रम्प आले, टॅरिफ आले, कॅनडाला अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' करायची भाषा आली. इकडे मार्क कार्नी आले. कॅनडा आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांचे माजी गव्हर्नर, त्याआधी एकही निवडणूक न लढवलेले. मार्चमध्ये ट्रुडोंच्या जागी थेट पंतप्रधान झाले आणि दहा दिवसांत निवडणूक लावली.

आमच्या घरात टॅरिफ ही बातमी नव्हती. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. ३ एप्रिलला अमेरिकेने गाड्यांवर २५ टक्के लावले, त्या आठवड्यात त्यांची एक शिफ्ट कमी झाली. शेजारचा माणूस, जो दहा वर्षांत हॉकीखेरीज कशावर बोलला नव्हता, तो कचऱ्याचा डबा बाहेर काढताना मला म्हणाला, "एल्बोज अप." म्हणजे कोपरं वर, अंगावर येणाऱ्याला जागा द्यायची नाही. त्याच्या अंगणात कॉन्झर्व्हेटिव्हांची निळी पाटी, त्याच्या समोरच्याकडे लिबरलांची लाल, आणि हे वाक्य दोघांच्याही तोंडी.

साडेसातला अटलांटिक प्रांत उघडले. लिबरल पुढे, पण अंदाजाइतके नाहीत. नोव्हा स्कोशियात ११ पैकी १०, प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये चारपैकी चार, असं चित्र दिसायला लागलं, पण न्यूफाउंडलंडमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांनी चांगलाच हात मारला. दोन दिवसांपूर्वीच व्हँकुव्हरमध्ये फिलिपिनो उत्सवाच्या गर्दीत गाडी घुसवून ११ जणांचा जीव घेतला होता. निवेदक त्या बातमीकडे परत परत येत होते, आवाज जरा खालीच होता.

साडेनऊला धबधबा. इतके आकडे एकदम आले की बाबांची वही मागे पडली. टीव्हीवाले दोन शब्द वापरत होते, 'लीडिंग' आणि 'इलेक्टेड', आणि त्यातला दुसरा बाबांना मान्यच नव्हता. "तीनशे मतं मोजून निवडून आला कसा म्हणतात? सर्टिफिकेट कोणी दिलं?" मुलगा म्हणाला, आबा, त्यांचा डिसिजन डेस्क असतो, आधीचं मतदान बघून ठरवतात. बाबांनी पेन्सिलने लिहायला सुरुवात केली. पेन सर्टिफिकेटनंतर.

मग ते खरं रंगले मोजणीच्या पद्धतीवर. इथे पेट्या स्ट्राँगरूममध्ये जात नाहीत. मतदान संपलं की दार लावून, त्याच टेबलावर, तेच कर्मचारी, तीच पेटी उलटी करून एकेक कागद उलगडतात. "ज्यांनी मतदान घेतलं तेच मोजणार?" बाबा हबकलेच. माझी एक मैत्रीण त्या रात्री एका उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून शाळेच्या जिममध्ये बसली होती. अकराच्या सुमारास बाहेर पडून तिने फोन केला तो बाबांनीच घेतला आणि वीस मिनिटं सोडला नाही. कागद सगळ्यांना दाखवतात का? हो, एकेक. खुणेची रेघ वर्तुळाबाहेर गेली तर? वाद होतो, नोंद होते. वस्तादाने शागिर्दाची परीक्षा घ्यावी तसं चाललं होतं. नंतर मला म्हणाले, "आम्ही ड्रममध्ये मतपत्रिका मिसळायचो, कुठल्या गावाने कोणाला दिलं ते कळू नये म्हणून. इथे गल्लीनिशी कळतं." आगाऊ मतांचे ढीग मोठे, त्यामुळे ते आकडे बऱ्याच ठिकाणी उशिरा आले. मला वाटतं, त्या रात्रीच्या अर्ध्या नाट्याचं कारण राजकारण नसून हे ढीगच होते.

सव्वादहाच्या सुमारास सीबीसीने, म्हणजे इथल्या सरकारी वाहिनीने सांगितलं, सरकार लिबरलांचं. पण बहुमताचं की अल्पमताचं? तिथे गाडी अडकली ती अडकलीच.

मध्यरात्रीच्या आसपास एनडीपीचे जगमीत सिंग बोलायला उभे राहिले. बर्नबी सेंट्रल या आपल्या मतदारसंघात स्वतः तिसरे. पक्ष २४ वरून ७ वर, म्हणजे संसदेत अधिकृत पक्षाचा दर्जा मिळवायला लागणाऱ्या १२ जागाही नाहीत. नेतेपद सोडत असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं, डोळे भरलेले. बाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर भारतातल्या सकाळचे फटाके फुटायला लागले होते: खलिस्तानवाल्याला जनतेने धडा शिकवला वगैरे. मला हसूही आलं आणि राग पण. बर्नबीच्या मतदाराला आपल्या चॅनेलवरची चर्चा ठाऊकही नसेल. ट्रम्पसमोर कोण उभा राहील एवढाच प्रश्न लोकांच्या डोक्यात होता, आणि डावीकडची मतं घाऊक लिबरलांकडे गेली. मागच्या वेळी १७.८ टक्के मिळवणारा पक्ष ६.३ वर आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजींना आदल्या वर्षी सरकारी दंतयोजनेतून कवळी मिळाली. ती योजना एनडीपीने पाठिंब्याच्या बदल्यात लिबरलांकडून करवून घेतलेली. आजींनी मत लाल पाटीला दिलं आणि तसं मला आनंदाने सांगितलं, नवीन दात दाखवत.

बाबांना कोडं पडलं ते कॉन्झर्व्हेटिव्हांचं. ४१.३ टक्के मतं, कितीतरी वर्षांत पडली नव्हती एवढी. जागा १४४. आणि तरी हरले? लिबरलांना ४३.८, म्हणजे फरक अडीच टक्क्यांचा. मी अल्बर्टाचा नकाशा दाखवला: ३७ पैकी ३४ निळ्या, सस्कॅचवानमध्ये १४ पैकी १३. तिथे मतांच्या राशी पडतात, पण जागा वाढत नाहीत. "हां," बाबा म्हणाले, "एकाच विहिरीला सगळं पाणी." ओंटारियोत मात्र आमच्या टोरांटोच्या पट्ट्यात निळ्यांनी लिबरलांच्या जागा खेचल्या. ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये मंत्री कमल खेरा पडल्या. देशप्रेमाची लाट म्हणत होते, पण घरांच्या किमतीने गांजलेल्या तरुणांनी तिला इथे बांध घातला होता.

आणि आमचा मतदारसंघ? मिल्टन ईस्ट–हॉल्टन हिल्स साउथ. कॉन्झर्व्हेटिव्हांचे परम गिल, जे पूर्वी खासदारही होते आणि प्रांतिक मंत्रीही, विरुद्ध लिबरलांच्या क्रिस्टिना टेसर डर्कसेन, नगरपालिकेतल्या. रात्रभर पुढेमागे. एक वाजता गिल पुढे, अंतर काहीशे. आम्ही झोपलो ते गिल जिंकले असंच समजून.

बाबा झोपले नव्हते. पहाटे पाचला चहाच्या वासाने मी उठले तर ते दिवाणखान्यात, वही मांडीवर. "अगं, विरोधी पक्षनेताच पडला!" कार्लटन, ओटावाच्या कडेचा मतदारसंघ. पॉलिएव्हर २००४ पासून खासदार, आणि ब्रूस फॅनजॉय नावाच्या लिबरल नवख्याने साडेचार हजार मतांनी पाडलं. दोन वर्षं घरोघर फिरला होता तो माणूस. तिथल्या मतपत्रिकेवर ९१ उमेदवार! निवडणूक पद्धत बदला म्हणणाऱ्या एका गटाने निषेध म्हणून माणसं उभी केली होती, कागद जवळपास मीटरभर लांब. बाबांनी दोन्ही हात पसरून लांबी मोजली आणि त्या घडीचे किती फेरे होतील याचा विचार करत बसले. (पॉलिएव्हर ऑगस्टमध्ये अल्बर्टातल्या पोटनिवडणुकीतून परत आले. त्यांच्यासाठी तिथल्या खासदाराने जागा रिकामी केली. बाबांना याचं काडीचं नवल वाटलं नाही.)

लिबरलांचा आकडा १७२ च्या तीन खाली थांबला. दोन दिवसांनी अक्षय्य तृतीया. इंडियन स्टोअरमधून हापूसची पेटी आणली, अव्वाच्या सव्वा किंमत देऊन, आमरस झाला, आणि निवडणूक घरापुरती संपली.

संपली नव्हती. रात्री दिसतात ते कळवलेले आकडे. नंतर निवडणूक अधिकारी प्रत्येक केंद्राचा लेखी तक्ता तपासून बेरीज करतात. मेच्या पहिल्या आठवड्यात ती पडताळणी झाली आणि आमच्या गावात निकाल उलटला. टेसर डर्कसेन २९ मतांनी पुढे. मतांच्या एक हजारांश भागापेक्षा कमी फरक असेल तर फेरमोजणी आपोआप लागते, न्यायाधीशांसमोर. शेजारच्याने निळी पाटी काढून गॅरेजमध्ये ठेवली होती, ती परत आणून लावली.

बाबांचं परतीचं तिकीट १० मेचं होतं. भाचीचं लग्न. विमानतळावर मला म्हणाले, "मोजणी अर्धी टाकून जातोय मी." त्याच दिवशी क्यूबेकमधल्या तेरबोनची फेरमोजणी संपली: लिबरल उमेदवार एका मताने विजयी. एका. तिथे आधी लिबरल, मग ब्लॉक, मग पुन्हा लिबरल असं झालं होतं, आणि पाकिटावरच्या चुकीच्या पिनकोडमुळे ब्लॉकच्या एका मतदाराचं टपाली मत परत आल्याचं नंतर बाहेर आलं. मला बाबांचा सात वाजताचा पहिला प्रश्न आठवला.

आमची फेरमोजणी त्याच्या पुढच्या आठवड्यात संपली. मी वाईला फोन लावला. तिथे रात्र झाली होती.

"२१," मी म्हटलं. "लिबरल. २१ मतांनी."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज. "थांब, पेन घेतो." मग जरा वेळाने, "आणि बाद किती?"